तळटीप : ट्वीडवरचा आठवडा

१२. हा आठवडा सहाच दिवसांचा. स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरायला कायद्याने बंदी आहे. ट्वीड नदीचा हंगाम ३० नोव्हेंबरला संपतो, आणि १५ सप्टेंबरपासून गळाला फक्त पिसं-दोऱ्याची बनावट माशी चालते. गंमत अशी, की अंडी घालायला समुद्रातून नदीत चढलेला सॅमन काही खातच नाही. मग माशीवर झडप का घालतो? राग की जुनी सवय, हा गळवाल्यांचा वाद मिटलेला नाही. शरदात नर तांबूस होतो, खालचा जबडा आकड्यासारखा वर वळतो. लेखक त्याला ‘म्हातारबुवा’ म्हणतो ते यामुळे. ब्रिटनमधला गळाचा विक्रमी सॅमनही शरदातलाच : ७ ऑक्टोबर १९२२, टे नदी, ६४ पौंड. तो ओढला जॉर्जिना बॅलंटाइन यांनी.