नागीन तोफेचा पल्ला

जानेवारी २०२० मध्ये मुलुंडला आई-बाबांसोबत ‘तान्हाजी’ पाहिला. ओम राऊतच्या या सिनेमात रात्रीचा कडा थ्रीडीमध्ये असा समोर येतो की मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. शरद केळकरचे शिवाजी महाराज शांत आहेत, म्हणून पटतात. शेवटी बाबा डोळे पुसत होते. मीही.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. सिनेमातला उदेभान ‘नागीन’ नावाची अजस्र तोफ कोंढाण्यावर आणतो, थेट राजगडावर मारा करायला. घरी येऊन मी मॅपवर अंतर मोजलं. दोन गडांमध्ये सरळ रेषेत साधारण १५ किलोमीटर. त्या काळच्या तोफेचा गोळा एवढ्या लांब पोचणं शक्यच नाही. सभासद बखरीत कडा चढणारे मावळे आहेत, ही तोफ नाही.

बाबांना मोबाइल दाखवला. ते म्हणाले, “मग तोफच नव्हती, तर एवढा जीव कशासाठी टाकला?”

प्रश्न रास्त होता. सिनेमाने त्यांना तेच कारण दिलं होतं.

खरं कारण १६६५ मध्ये आहे. पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणा होता. मोगलांच्या बाजूने तह करणारा मिर्झाराजा जयसिंह राजपूत होता. कोंढाण्याचा किल्लेदार उदेभान राठोडही राजपूतच. सैफ अली खानचा उदेभान बघायला मजा येते, पण तो विकृत माणूस आहे. तसा खलनायक समोर आला की तह, चाकरी, राजकारण हे सगळं मागे पडतं.

तहानंतर आग्र्याची कैद आणि सुटका झाली. मग काही वर्षं मोगलांशी सलोखा ठेवून महाराजांनी घडी नीट बसवली. वेळ आल्यावर गेलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात केली. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा घेतला, पाठोपाठ पुरंदर.

म्हणजे राजगडावर कोणतीही तोफ रोखलेली नव्हती. उद्या सकाळी काही कोसळणार नव्हतं. आपल्या हाताने द्यावा लागलेला गड परत हवा होता, एवढंच. तेवढ्यासाठी तानाजी मालुसरे अंधारात तो कडा चढून गेले.

बाबांना हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “हे तर जास्त मोठं आहे रे.”