जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा

माणसाच्या वर्तनात जन्माचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, या प्रश्नाचा निकाल १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कोणताही पुरावा न तपासता लावून टाकला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार, असे जातिव्यवस्थेवरून काढलेले अनुमान त्यामागे होते. जातीचा धंदा आणि रक्ताचा वारसा यांत ब्रिटिश अधिकाऱ्यांनी भेद केला नाही. एखादी जमात गुन्हेगार असल्याची अधिसूचना निघाली की तिला न्यायालयात आव्हान देता येत नसे. नोंद झालेल्या माणसाला ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परगावी जायचे तर पास घ्यावा लागे, आणि पासाशिवाय सापडल्यास शिक्षा होई, मग त्याने चोरी केलेली असो वा नसो.

हा शिक्का बसलेल्यांपैकी अनेकांची उपजीविका त्याच सुमारास हातची गेली होती. बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचा व्यापार रेल्वेने मोडला. शिकारीवर जगणाऱ्या पारध्यांना १८७८च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलांत मज्जाव झाला. परिस्थितीने ओढवलेले हे हाल सरकारने जमातीचा स्वभाव म्हणून नोंदवले, हा या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय होय.

तरीही १८९७च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवण्याची तरतूद केली. म्हणजे भोवताल बदलला की वर्तन बदलते, हे सरकारलाही मान्य होते. पुढे सोलापुरात तारेच्या कुंपणाआड जी वसाहत उभी राहिली आणि जी आजही ‘सेटलमेंट’ म्हणूनच ओळखली जाते, तिथली माणसे कापडगिरण्यांत राबू लागली.

आजच्या आनुवंशिकीनुसार स्वभावातील भेदांवर असंख्य जनुकांचा प्रत्येकी अल्पसा परिणाम होतो. आनुवंशिकतेचे प्रमाण, म्हणजे एका समाजात विशिष्ट परिस्थितीत व्यक्तीव्यक्तींमधील फरकांचा जो हिस्सा जनुकीय फरकांशी जोडता येतो तो, दोन समाजांमधील फरकाचे कारण सांगू शकत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. १९५९च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्याने नोंद जमातीऐवजी व्यक्तीच्या नावावर आणली. परंतु गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडण्याचे थांबले नाही.