अहिराणी नसेल तर कोण?

चॅटबॉटला अहिराणी येत नसेल, तर त्यानं कोणत्या भाषेकडे वळावं? आमच्या धुळ्यात कुणीही सांगेल, मराठीकडे. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात ग्रियर्सननं मात्र खानदेशीला, म्हणजे अहिराणीलाच, मराठीच्या सातव्या खंडात जागा दिली नाही. १९०७ साली नवव्या खंडात, भिल्ली बोलींच्या शेजारी बसवलं. पुढे संगणकानं पर्यायी भाषा कशी शोधावी, याची रीत २००६च्या आरएफसी ४६४७ या इंटरनेटच्या नियमावलीनं घालून दिली : भाषेच्या खुणेचं शेवटचं शेपूट छाटत जायचं. ‘एमआर-आयएन’चं (भारतातली मराठी) ‘एमआर’ होतं, ठीक. अहिराणीची खूण नुसतीच ‘एएचआर’. छाटणार काय, कपाळ? मग पुढची भाषा हातानंच लिहावी लागते. मी आधी मराठी लिहिते, मागोमाग गुजराती. गुजरातच्या सीमेवरची, नवापूरकडची माणसं तरी नाक मुरडणार नाहीत. ‘काय करी ऱ्हायना?’ विचारणाऱ्याला थेट इंग्रजीत उत्तर देणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा.