पहिलं कवच, पहिलं भोक

किनाऱ्यावर शिंपले वेचताना एखाद्याला बारीक, गोल, ड्रिलने पाडल्यासारखं भोक दिसलंय का कधी? माळेत ओवायला बरा म्हणून आपण तो खिशात टाकतो. पण ती बऱ्याचदा खुनाची खूण असते. एखाद्या शिकारी गोगलगायीने कवच कोरून आतल्या जिवाला खाल्लेलं असतं.

हा प्रकार किती जुना? चला, सुमारे 55 कोटी वर्षं मागे जाऊ. डायनासोर सोडाच, तेव्हा मासेही नव्हते. समुद्रातले बहुतेक प्राणी मऊ अंगाचे, ना हाड ना कवच. 1859 मध्ये डार्विनला हाच प्रश्न छळत होता : जुन्या खडकांत कवचधारी प्राणी एकदम दिसू लागतात, मग त्यांच्या खालच्या थरांत त्यांचे पूर्वज का नाहीत? समाधानकारक उत्तर आपल्याकडे नाही, असं त्याने पुस्तकात सरळ कबूल केलं.

उत्तराचा एक तुकडा आफ्रिकेत, नामिबियाच्या चुनखडीत होता. 1972 मध्ये जेरार्ड जर्म्स यांनी तिथल्या इवल्याशा नळ्यांना ‘क्लाउडिना’ नाव दिलं. आइस्क्रीमचे कोन एकात एक बसवा, तशी ही नळी. रुंदी जेमतेम काही मिलिमीटर आणि माल शिंपल्याचाच, कॅल्शियम कार्बोनेट. स्वतःचं कवच बांधणाऱ्या सर्वात जुन्या प्राण्यांपैकी हा एक.

पण एवढा खटाटोप कशासाठी? 1992 मध्ये स्टीफन बेंग्टसन आणि युए झाओ यांनी चीनमधल्या क्लाउडिनाच्या नळ्यांवर गोल भोकं दाखवली. म्हणजे कोणीतरी तेव्हाही कवच फोडून खात होतं! पुढे आणखी एक गंमत कळली. त्याच खडकांतल्या दुसऱ्या एका जातीच्या नळ्यांना अशी भोकं नव्हती. शिकारी निवडून खात होता.

काही शास्त्रज्ञ म्हणतात, समुद्राच्या पाण्यातलं रसायन बदललं म्हणून कवचं आली. तेही खरं असेल. सिमेंट मिळालं म्हणून घर बांधता येतं, पण दाराला कडी आपण चोराच्या भीतीने लावतो. त्यानंतर कॅम्ब्रियन काळात कवचांची नुसती झुंबड उडाली.

आणि तो शिकारी? त्याचा पत्ता अजून लागलेला नाही. बहुधा तो मऊ अंगाचाच होता. बळी दगडात राहिला, मारेकरी विरघळून गेला. मागे उरलं फक्त भोक.

पुढच्या वेळी तसा शिंपला सापडला तर जरा निरखून बघा. भेटू पुढच्या भागात!