वेताळाचे दप्तर

मिरजेत ज्याच्या वाचनाला सुरुवात झाली, त्याला दोन ऋणे मान्य करावी लागतात : एक वासुदेवशास्त्री खरे यांचे आणि दुसरे रेल्वेचे. 1858 साली गुहागरास जन्मलेल्या शास्त्रीबोवांनी मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत असतानाच पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील रुमाल सोडून, पत्रापत्राची मिती, मुक्काम आणि हस्ताक्षर पडताळून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड सिद्ध केले, आणि जुन्या कागदावर प्रेम करावे, परंतु त्याची उलटतपासणी घेतल्यावाचून त्याच्यावर विसंबू नये, हा संस्कार या गावातील शिकल्यासवरल्या घरांवर कायमचा करून ठेवला. रेल्वेने त्या संस्काराला खाद्य पुरविले. पुणे-बेळगाव मार्गावरील मीटरगेज, कुर्डुवाडी-पंढरपुराकडून वारकऱ्यांना घेऊन येणारी बार्शी लाइटची छोटी गाडी आणि 1971 पासून पुण्याकडून आलेले ब्रॉडगेज असे तिन्ही मापांचे रूळ काही काळ ज्या जंक्शनात एकत्र नांदले, तेथे मुंबईत छापलेले नियतकालिक उतरल्यावाचून पुढे जात नसे. या नियतकालिकांच्या गठ्ठ्यांतूनच एके काळी वेताळ मिरजेत आला. त्याचा येथील वास्तव्याचा वृत्तांत कोणत्याही बखरीत नाही, म्हणून तो लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

मूळ वेताळ अमेरिकेचा. ली फॉक या लेखकाने 1934 साली मॅन्ड्रेक जादूगार आणि 17 फेब्रुवारी 1936 पासून हा मुखवटाधारी वनवासी वीर वृत्तपत्रांतील दैनिक चित्रपट्टीत अवतीर्ण केला. आपल्याकडे ‘इलस्ट्रेटेड वीकली’च्या वाचकांना तो पूर्वीच परिचित होता, परंतु घरोघरच्या मुलांच्या हाती तो पडला तो 1964 च्या मार्च महिन्यात, टाइम्स ऑफ इंडियाच्या संस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ ही माला सुरू केल्यानंतर. पहिले बत्तीस अंक एकट्या वेताळाचे होते. नंतर मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन आदी मंडळी पाळीपाळीने येऊ लागली. इंग्रजीच्या जोडीला मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांतून ही माला निघत राहिली आणि आठशेहून अधिक अंकांनंतर 1990 साली बंद पडली. मालेच्या उभारणीत ज्यांचा वाटा होता त्या अनंत पै यांनी 1967 साली टाइम्स सोडून ‘अमर चित्र कथा’ आरंभिली, हे सर्वश्रुतच आहे.

त्या काळी वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने वाचनीय बालवाङ्मय म्हणजे ‘चांदोबा’, आणि पुढे 1971 पासून बालभारतीचे ‘किशोर’. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा उशीखाली लपविल्या जात, आणि वेताळाचा दर्जा त्याहून एक पायरी खालचा मानला जाई, कारण त्यात चित्रे अधिक नि अक्षरे कमी. असे असूनही लक्ष्मी मार्केटच्या आसपासच्या रद्दीवाल्यांकडे, भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांत आणि फलाटावरील स्टॉलवर मुलांची जी झुंबड उडे ती या अंकांसाठीच. एक अंक विकत घेणारा एक आणि वाचणारे दहा, असा हा व्यवहार होता. वाचून झालेल्या अंकाच्या मोबदल्यात न वाचलेला अंक मिळे. मुखपृष्ठ फाटले असल्यास त्याचे मोल निम्म्यावर येई आणि मधले पान गहाळ असल्यास सौदाच फिसकटे. या विनिमयाची नियमावली कोणी लिहिली नव्हती, तथापि ब्राह्मणपुरीपासून रेल्वे कॉलनीपर्यंत तिचा अंमल एकसारखा होता.

आमच्या घरी त्या अंकांचे जे चार-दोन गठ्ठे तगले, ते माझ्या थोरल्या बंधूंच्या दक्षतेमुळे. त्यांनी टाचण्या काढून, दाभणाने भोके पाडून, सुतळीने शिवून आणि जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचा पुठ्ठा चढवून त्यांच्या वह्या बांधल्या. पहिल्या पानावर निळ्या शाईत नाव, इयत्ता, तुकडी आणि ‘नेल्यास परत आणून देणे’ अशी ताकीद आहे; तिच्याखाली मोहोर म्हणून कवटीची आकृती काढलेली आहे. टाचण्यांच्या जागी तांबूस डाग पडले आहेत, कडा हात लावताच चुरा होतात, आणि जांभळा रंग काही पानांवर रेषेबाहेर ओघळल्यामुळे वेताळाला दोन हनुवट्या आल्या आहेत. दर मे महिन्यात, भाचरे-नातवंडे जमली आणि उन्हामुळे दुपारी बाहेर पडणे अशक्य झाले, की माजघरात सतरंजी अंथरून या वह्यांचे प्रकट वाचन होते. शेजारचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सारे ‘सर’ म्हणतात, आपला चष्मा आणि पानाचा डबा घेऊन न चुकता येतात. एकाने वाचावे, बाकीच्यांनी मध्येच अडवावे, असा या सभेचा प्रघात आहे.

सर्वांत जुना वाद वंशावळीचा. कथेप्रमाणे समुद्रचाच्यांनी पित्याला मारल्यावर मुलाने त्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली ती 1536 साली, आणि आपल्या समोरचा वेताळ एकविसावा. सरांनी एका दुपारी या हिशेबाची तपासणी केली. चारशे वर्षांत वीस-एकवीस पुरुष झाले, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी एकोणीस वर्षे आली. भाचा म्हणाला, “सर, इतक्या लवकर सगळे मरतात, मग हा अमर कसला?” तेव्हा सरांनी पेशवाई काढली : 1713 ते 1818 या एकशे पाच वर्षांत बाळाजी विश्वनाथांपासून दुसऱ्या बाजीरावांपर्यंत सात पेशवे झाले, म्हणजे सरासरी पंधरा वर्षे, राघोबादादांना गणतीत धरले तर तीही घटतात. “त्या मानाने वेताळाची गादी पुष्कळच स्थिर म्हणायची,” असा निवाडा त्यांनी दिला आणि सभा हसून लोटपोट झाली. पुढे 1536 साली मिरजेत काय होते, असा प्रश्न निघाला. मिरज तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होती, गादीवर पहिला इब्राहीम होता, आणि पटवर्धनांना मिरज मिळण्यास तब्बल सव्वादोनशे वर्षे अवकाश होता. हे सर्व बारा-तेरा वर्षांच्या मुलांना एका चित्रकथेच्या निमित्ताने तोंडपाठ झाले, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

दुसरा वाद वाघाचा. वेताळाचे अरण्य आफ्रिकेत, तर तेथे वाघ कोठून आला? ही शंका माझ्या भाचीने वयाच्या नवव्या वर्षी काढली, आणि तिचा शोध घेताना एक मोठा ऐतिहासिक उलगडा झाला. फॉकने प्रारंभी हे अरण्य आशियाच्या बाजूला, हिंदी महासागराच्या परिसरात कल्पिले होते. पुढे ते हळूहळू आफ्रिकेत सरकले, परंतु सरकताना जुने प्राणी मागे ठेवण्याचे कोणास सुचले नाही. मुंबईच्या संपादकांनीही आपल्या परीने फेरफार केले : बंगाल्याची आठवण देणारे देशाचे नाव बदलून ‘डेंकाली’ केले, आणि चाच्यांच्या टोळीचे ‘सिंग’ हे नाव, आपल्याकडे कोणाचे मन दुखावू नये म्हणून, ‘सिंगा’ केले. कागद एका कारकुनाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यात शेरे, खाडाखोड आणि दुरुस्त्या होतातच. खरेशास्त्र्यांनी पटवर्धनी पत्रांतून हेच ओळखले होते, आणि आमच्या माजघरात एका वाघाच्या पट्ट्यांवरून ते ओळखले गेले. स्वतः वेताळही दप्तर राखणारा आहे, ही गोष्ट वाचकांच्या सहसा ध्यानात राहत नाही. कवटीच्या गुहेत प्रत्येक पिढीच्या वेताळाने स्वहस्ते लिहिलेल्या जाडजूड रोजनिशा ओळीने मांडलेल्या असतात, आणि प्रसंग पडला की तो पूर्वजांची वही काढून वाचीत बसतो. मुठीच्या मारापेक्षा मला त्याचे हे वाचन अधिक थोर वाटते.

वहिनींचे आक्षेप निराळ्या प्रकारचे. शहरात जाताना तो त्या उष्ण प्रदेशात चौकड्यांचा ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालतो, सोबत दोरीला बांधलेला लांडगा असतो, आणि तरीही कोणाला संशय येत नाही, याचे त्यांना दरवर्षी नव्याने नवल वाटते. तो गुंडांनी भरलेल्या मद्यगृहात शिरून दूध मागतो, तेव्हा मात्र त्या वाचणाऱ्याला थांबवून म्हणतात, “बघा रे, शिका काही!” आणि डायनाविषयी त्यांचे अंतःकरण सदैव द्रवते. 1936 पासून जिच्याशी प्रेम, संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणाऱ्या त्या कर्तृत्ववान मुलीशी लग्न लागले 1977 साली. “एक्केचाळीस वर्षे थांबली हो बिचारी! एवढ्या अवकाशात आमच्याकडे नातवाची मुंज आटोपली असती,” हे त्यांचे वाक्य आता मुलेच त्यांच्या आधी म्हणतात. आमच्या आजीला तर हा वेताळ पटलाच नव्हता. तिचा वेताळ गावाबाहेरचा, शेंदूर माखलेला, अमावास्येला भुतावळ घेऊन फेरीला निघणारा. घोड्यावर बसून पिस्तूल चालविणाऱ्याला ती पाहुणाच मानी, पण पाहुणा म्हणून त्याचा मान ठेवी.

हसण्याच्या ओघात न विरणारा प्रश्नही येतो. कॉलेजात जाणाऱ्या पुतणीने गेल्या उन्हाळ्यात विचारले, “काका, एवढ्या जमाती, एवढे नायक, आणि तंटे सोडवायला हाच गोरा का लागतो?” सरांनी तिला लगेच उडवून लावले नाही. दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांत पोलिटिकल एजंटाचा शब्द किती वजनदार होता, आणि 1948 साली मिरज संस्थान विलीन होईपर्यंत येथील प्रजेने न्यायासाठी कोणाकोणाकडे अर्ज केले, हे त्यांनी सविस्तर सांगितले. साठीच्या दशकात आफ्रिकेतील देश स्वतंत्र होऊ लागले, तसा कथेतील देशालाही डॉक्टर लुआगा हा निवडून आलेला अध्यक्ष मिळाला. मॅन्ड्रेकचा सोबती लोथार, जो आरंभी बिबट्याचे कातडे पांघरून मोडकेतोडके बोलणारा सेवक होता, त्यालाही फ्रेड फ्रेडरिक्स या चित्रकाराच्या काळात नेटका पोशाख आणि समानतेची भाषा मिळाली. पुतणीचे समाधान झाले असे नाही. मला तिचाच पक्ष बळकट वाटतो : सिंहासन कवटीचे असले म्हणून ते सिंहासन राहत नाही असे थोडेच आहे? परंतु ज्या पोथ्यांनी आम्हांला वाचायला बसविले त्यांनाच प्रश्न विचारण्याइतकी ही मुले तयार झाली, हे त्या पोथ्यांचेही श्रेय मी धरतो.

याच प्रश्नाचे एक उत्तर त्या मालेनेच 1976 साली देऊ केले होते. आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला ‘बहादूर’ हा मुखवटा न घालणारा, केशरी कुडता आणि जीन्स घालणारा, चंबळच्या डाकूंशी गावकऱ्यांना संघटित करून लढणारा तरुण होता. मालेच्या मुखपृष्ठांनाही या ब्राह्मणियांच्याच कुंचल्याने उठाव आणला. बहादूरच्या वाचनात आमच्या सभेत हशा कमी पिकतो, कारण त्याच्या गावातील विहीर, पाटील, पोलीस चौकी ही सारी ओळखीची निघतात आणि मुले अडविण्याऐवजी ऐकत राहतात. बंधूंचे म्हणणे असे की हशा पिकत नाही ते पुस्तक वर्षानुवर्षे टिकत नाही, तेव्हा बहादूरचा गठ्ठा वरच्या फळीवर ठेवावा. सर म्हणतात, येत्या मे महिन्यात आरंभ त्यानेच करावा. पुतणीने सरांच्या बाजूने मत दिले आहे, भाचा वेताळाला सोडायला तयार नाही, आणि वहिनींनी अद्याप आपला कौल दिलेला नाही.