स्त्रियांच्या मालकीची वास्तू

१८६८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रकारांनी चार्ल्स डिकन्स यांच्या सन्मानार्थ जी मेजवानी दिली, तिच्यात जेन कनिंगहॅम क्रोली यांना, त्या स्वतः नामांकित पत्रकार असूनही, केवळ स्त्री म्हणून प्रवेश मिळाला नाही. आणि या अवमानातून त्यांनी 'सोरोसिस' नावाचे जे स्त्रीमंडळ काढले, त्याच्या मागोमाग गावोगाव अशी मंडळे निघून १८९० मध्ये त्यांचा महासंघही स्थापन झाला. पंडिता रमाबाईंच्या १८८९ च्या प्रवासवृत्तातून मराठी वाचकांना ज्या संस्थाप्रिय अमेरिकन स्त्रियांची ओळख झाली, त्यांच्या या मंडळांत निबंधवाचन होई, कला आणि इतिहास यांचा अभ्यास चाले. परंतु बैठक भरायची ती कोणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा भाड्याच्या दालनात, म्हणजे बिऱ्हाड सदैव पाठीवर.

लॉस एंजेलिसचे एबेल मंडळ १८९४ मध्ये ज्यांच्या पुढाकाराने निघाले, त्या हॅरिएट स्ट्राँग यांचे चरित्र मला विशेष मननीय वाटते. १८८३ मध्ये पतीने आत्महत्या केली आणि पदरी चार मुली, कर्ज व कोर्टकज्जे उरले, तेव्हा या बाईंनी आपल्या जमिनीत अक्रोडाची लागवड केली, पँपस गवताचे पांढरे तुरे वाळवून बाजारात विकले, आणि एकामागे एक धरणे बांधून पाणी साठविण्याची योजना आखून १८८७ मध्ये तिचे पेटंटही मिळविले. मिळकत स्त्रीच्या हाती असण्याने काय साधते हे ज्यांनी असे सोसून जाणले होते, त्यांच्या मंडळाने पुढे स्वतःची वास्तू उभारावी, यात मला संगती दिसते.

विल्शायर रस्त्यावरील ती भव्य वास्तू १९२७ मध्ये पुरी झाली. वास्तुशिल्पी समनर हंट यांनी मधोमध बाग राखून भोवती दालने बांधली आणि लगत बाराशेंहून अधिक आसनांचे नाट्यगृह उभारले. नाटके, जलसे, विवाह, मेजवान्या यांना ही जागा भाड्याने मिळू लागली. पुढे ज्युडी गार्लंड म्हणून गाजलेली मुलगी १९३४ मध्ये आपल्या बहिणींसह येथेच गायली. मला महत्त्व वाटते ते या भाड्याचे. ज्या काळी सार्वजनिक कार्यासाठी स्त्रियांना बहुधा धनिकांच्या देणगीकडे पाहावे लागे, त्या काळी करारनाम्यावर मालक म्हणून स्त्रियांचे मंडळ उभे राहिले आणि डागडुजीची तरतूद याचनेवाचून होऊ लागली.

मात्र ही दारे सर्वांना उघडी नव्हती. १९०० मध्ये मिलवॉकीच्या अधिवेशनात जोसेफिन सेंट पिअर रफिन यांना, त्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या मंडळाच्या प्रतिनिधी म्हणून आल्या होत्या एवढ्याचसाठी, महासंघाने स्थान नाकारले. हा अन्याय विसरून या चळवळीचा गौरव करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. कृष्णवर्णीय स्त्रियांनी १८९६ मध्येच आपला राष्ट्रीय संघ स्थापन केला होता. आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांचे वॉशिंग्टनमधील घर कर्जापायी हातचे जाण्याची वेळ आली, तेव्हा मेरी टॅलबर्ट यांच्या अध्यक्षतेखाली याच संघाने निधी जमवून त्याचे गहाण सोडविले.