नाताळचा केक आगाऊ कां भाजतात?

दिवाळीचा फराळ चार-आठ दिवस आधीं करून डबे भरून ठेवण्याची रीत आपल्याकडे आहे. परंतु एखादा गोड पदार्थ महिना-दीड महिना आधीं करावयाचा आणि सणापर्यंत त्यास सुरी लावावयाची नाहीं, हें ऐकून आपल्या गृहिणींना नवल वाटेल. इंग्लंडांतील नाताळचा केक असा आहे. सण २५ डिसेंबरला; केक मात्र ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरांतच भट्टींतून निघतो. मीं शाळेंत इंग्लंडचा इतिहास पुष्कळ वर्षें शिकविला. त्यांत राजे आले, लढाया आल्या, सनदा आल्या. स्वयंपाकघर कांहीं आलें नाहीं. ती उणीव निवृत्तीनंतर भरून काढीत आहें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, हा केक मूळचा नाताळच्या दिवसाचा नव्हे. नाताळनंतर बारा दिवसांनीं, ६ जानेवारीला, जो सण येतो त्याचा तो मान होता. त्यांत घेवड्याचा एक दाणा व एक वाटाणा लपवीत. घेवडा ज्याच्या वांट्यास येई तो त्या रात्रीचा राजा, वाटाणा जिला मिळे ती राणी. सॅम्युएल पीप्स या प्रसिद्ध रोजनिशीकारानें १६६८ च्या ६ जानेवारीस आपल्या घरच्या अशा केकला सुमारें २० शिलिंग खर्च आल्याचें नमूद केलें आहे. केक त्याच्या मोलकरणीनें केला होता व त्याचे वीस तुकडे झाले. त्यापूर्वीं एकवीस वर्षें, म्हणजे १६४७ सालीं, प्यूरिटनांच्या पार्लमेंटनें नाताळचा उत्सवच रद्द केला होता. १६६० सालीं राजा परत आला, त्याच्यामागून सणहि परत आले. पुढें रॉबर्ट बॅडले नांवाचा नट १७९४ सालीं वारला. नट होण्यापूर्वीं तो आचारी होता. त्यानें मृत्युपत्रांत १०० पौंड ठेविले, ते अशासाठीं कीं, त्यांच्या व्याजांतून लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहांतील नटांस दरवर्षीं ६ जानेवारीला केक व मद्य मिळावें. आचाऱ्याला आपलें स्मारक कशाचें करावें हें बरोबर कळलें, असें मला वाटतें.

एकोणिसाव्या शतकांत कारखाने व कचेऱ्या वाढल्या आणि बारा दिवस सण करण्यास लोकांना सवड उरली नाहीं. १८७१ च्या सुट्ट्यांच्या कायद्यांत २६ डिसेंबरला जागा मिळाली, ६ जानेवारीला मिळाली नाहीं. सण ओसरला, पण केक टिकला. तो नाताळच्या मेजावर येऊन बसला.

आतां घाईचें कारण. या केकमध्यें पिठापेक्षां सुकीं फळें अधिक. मनुका, बेदाणे आणि करंट नांवाचीं बारीक काळीं द्राक्षें. हें नांव ग्रीसमधील कॉरिंथ शहरावरून पडलें. भूमध्य समुद्राकांठीं द्राक्षें उन्हाळ्याच्या अखेरीस वाळत, आणि नवा माल शरदांत जहाजांनीं इंग्लंडला पोंचे. तो धुवावा, निवडावा, मनुकांतील बिया एकेक करून काढाव्या, हें घरांतील सर्व हातांचें काम. मग मंद आंच. आठ इंची केकला तीन-चार तास लागतात, आणि कडा करपूं नयेत म्हणून भांड्याला दुहेरी कागद लावावा लागतो. ताजा असतांना तो कापला तर भुगा होतो. पुढील आठवड्यांत फळांतील ओलावा हळूहळू पिठांत उतरतो, मसाल्याचा उग्रपणा मोडतो आणि सुरी स्वच्छ चालते. साखरेनें पाणी धरून ठेविलेलें असल्यामुळें बुरशीला थारा मिळत नाहीं. वरून मधूनमधून चमचाभर ब्रँडी पाजतात. आपला मोरंबा टिकतो तो याच साखरेच्या जोरावर. वसई-वांद्र्याच्या व गोव्याच्या ख्रिस्ती घरांतहि केकचीं फळें कित्येक आठवडे रममध्यें भिजत घालतात.

या आगाऊपणाची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धांत लागली. ८ जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्यें लोणी व साखर शिधावाटपांत गेलीं. त्याच वर्षीं ऑगस्टांत केकवर साखरेचा थर देऊन विकण्यास बंदी झाली. सुकीं फळेंहि पुढें ‘पॉइंट’ पद्धतीखालीं आलीं. माणशीं आठवड्याला साखर सुमारें आठ औंस, लोणी पुष्कळदां दोनच औंस. चांगल्या आठ इंची केकला लोणी आठ औंस लागतें, म्हणजे एका माणसाचा चार आठवड्यांचा वांटा! ज्या बाईला डिसेंबरांत मुलांपुढें केक ठेवावयाचा असे, तिला तो नोव्हेंबरांत नव्हे, उन्हाळ्यांतच आरंभावा लागे. स्वतःच्या चहांत साखर न घालतां ती चमचा-चमचा बाजूला काढी. अंड्याऐवजीं अंड्याची भुकटी, गोडीला किसलेलें गाजर, बदामाच्या थराऐवजीं सोयाबीनचें पीठ व बदामाचा अर्क. मीं वर्गांत या युद्धाच्या तारखा पाठ करून घेतल्या, पण चहाच्या त्या कपाची आठवण एकदांहि काढली नाहीं.

साखरेवरील नियंत्रण सप्टेंबर १९५३ मध्यें उठलें. त्या वर्षींच्या नाताळांत साखर मोकळी होती. लोणी मात्र अजून मोजूनच मिळत होतें.